टॉवेलच्या काठावरचा पत्ता

चादरींची डिझाइनं काढणाऱ्या जुन्या कारागिरांसाठी मी वेबसाइट काढली, तेव्हा पत्त्याची शेवटची दोन अक्षरं, भारताची 'इन' असतात तशी, कुठल्याशा बेटावरच्या देशाची घेतली. स्वस्त होती आणि दिसायला झकास. तो देश नकाशात कुठं आहे, हे बघायची तसदी मी शहाण्यानं घेतली नाही.

साइट लई चालली की! आमच्या शेजारच्या मास्तरांनी आयुष्यभर डिझाइनं काढलेली. त्यांना तिथं सुरतेला गेलेला जुना दोस्त सापडला. मागांच्या खडखडाटात त्याचे कान गेलेले, म्हणजे फोनवर बोलायची सोय नाही. जे काय ते साइटवरच लिहायचं. रोज सकाळी चहासोबत दोघांचं भांडण: काठावरच्या फुलाला पाकळ्या सात की आठ? मास्तर सातवर अडलेले, दोस्त आठवर.

खुशीत येऊन मास्तरांनी साइटचा पत्ताच टॉवेलच्या काठात विणायचा घाट घातला. एमआयडीसीतल्या ओळखीच्या कारखान्यात टॉवेल निघाले, सुताच्या व्यापाऱ्यानं ते सुरतेच्या बाजारात वाटले. दोस्तानंही तिथूनच एक नेला. विणलेला पत्ता खोडता येत नाही, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

पुढं त्या देशानं नियम बदलला: ही अक्षरं फक्त तिथल्या रहिवाशांना. तशी मेल आली होती. मी ती फसवणुकीची समजून उडवली. एका सकाळी साइट बंद! आता दाद कुणाकडं मागणार? मजकूर माझ्याकडं जपलेला होता, तो आठवड्यात भारतातल्या नव्या पत्त्यावर चढवलाही. पण लोकांना कळवायचं कसं? कशाला नसत्या चौकशा, म्हणून मी कुणाचा ईमेल, नंबर काहीच घेतलं नव्हतं.

मास्तर रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. काठावरून अंगठा फिरवत म्हणाले, "त्याला वाटंल, मीच रुसलो. फुलावरनं लई बोललो हुतो."

महिन्याभरानं कारखान्यात सुरतेचं पार्सल आलं, वर दोस्ताच्या घरचा पत्ता. टॉवेलच्या लेबलावर कारखान्याचं ठिकाण होतं, तेवढ्यावर पाठवलेलं. आत तोच टॉवेल. विणलेल्या पत्त्याखाली लाल दोऱ्याचे वाकडेतिकडे टाके: 'सातच. आता तरी दार उघड.'

मास्तर हसले आणि त्याच टॉवेलनं डोळे पुसले. "आठच बरोबर हाय की रे," म्हणाले. "बस हितं. नवा पत्ता कळव त्याला, पण आधी हे लिही."

आता रोज सकाळी चहासोबत भांडण पुन्हा रंगतं. मास्तर आठवर अडलेत, दोस्त सातवर.