जोडू नये, इंजिन थांबणार नाही

सोमवार, सकाळी सात: दिनकर वैरागडे यांनी ट्रॅक्टरची चाचणी घेतली, इंजिन थांबले. सोमवार, दुपारी बारा: विक्रेत्याचा तंत्रज्ञ हायड्रॉलिकची गळती दुरुस्त करून गेला. सोमवार, दुपारी तीनच्या सुमारास: इंजिन थांबले नाही. त्यानंतरचा गुरुवार: विक्रेत्याने अपघाताचे कारण 'मालकाने घरी बनवलेली यंत्रणा' असे लिहून दिले.

या चार नोंदींत जे घडले त्याला मी तिघांना जबाबदार धरतो. पहिला तो तंत्रज्ञ, दुसरा त्याचा सेवा-व्यवस्थापक आणि तिसरा मी.

दिनकररावांची माझी ओळख इथे परदेशात, फ्रीमाँट शहरात एका बारशाच्या जेवणात झाली. यजमानांचा मिक्सर बंद पडला होता आणि हे गृहस्थ सूट घालून स्वयंपाकघराच्या फरशीवर मांडी घालून तो उघडत होते. प्रत्येक वायरवर पांढरी पट्टी चिकटवून ती कुठून निघाली हे लिहीत होते. "मला सगळं लक्षात राहतं," ते म्हणाले, "पण माझ्यानंतर हा डबा उघडणाऱ्याला ते कसं कळणार?" नागपूरहून शिकून आलेला हा नियंत्रण-अभियंता नोकरीत चाळीस वर्षे पट्ट्या लावत आला होता. घरी मसाल्याच्या डब्यांवरही त्याच पट्ट्या होत्या. "हिंगावर 'धोका' लिहिलंय, वाचलंत का?" असे त्यांच्या पत्नी मालतीवहिनी आलेल्या प्रत्येकाला विचारत.

निवृत्तीनंतर त्यांनी फ्रीमाँटपासून दीड तासावर थोडी जमीन भाड्याने घेतली आणि कांदा लावला. तोवर हात थरथरू लागले होते. सरी वाकडी जाई, आणि मग कोळपणीत तणाऐवजी कांदेच कापले जात. विक्रेता म्हणाला, आपोआप सुकाणू धरणारी यंत्रणा नव्या ट्रॅक्टरवरच बसते आणि तिचे संगणकी कुलूप फक्त आमच्याकडून उघडते. दिनकररावांनी जुन्या ट्रॅक्टरच्या छपरावर जीपीएसचा अँटेना बसवला, स्टिअरिंगला एक लहान मोटर जोडली आणि पुढ्यात टॅब्लेट ठेवला. एका हिवाळ्यात ट्रॅक्टर स्वतःच सरळ रेघ धरू लागला.

त्यांचा खरा जीव मात्र सीटखालच्या बटणात होता. चालक सीटवरून उठला की ते बटण इंजिन बंद करी. रोज सकाळी पहिल्या सरीत ते उभे राहत. इंजिन थांबले की खाली बसून म्हणत, "थांबला. आता चालायला लायक आहे." शेतात किल्लीला ते हातही लावत नसत. इंजिन बंद करायचे, म्हणजे उठायचे आणि त्याच झोकात खाली उतरायचे. ऐकू कमी येऊ लागले होते, आणि ट्रॅक्टरवर श्रवणयंत्र काढून ते खिशात ठेवत.

मी वकील नाही. तीस वर्षे एका कंपनीत करारांची कलमे तपासली, एवढेच. तरी ते मला 'वकीलसाहेब' म्हणत. यंत्रणा दाखवायला त्यांनी मला बोलावले, तेव्हा सगळ्या पट्ट्या इंग्रजीत होत्या. मी सांगितले, "दिनकरराव, उद्या विक्रेत्याशी वाद निघाला तर तुमच्या हातचं हे लिखाण ते कबुली म्हणून पुढे ठेवतील. मराठीत लिहा. त्यांना वाचताच येणार नाही."

"यार वकीलसाहेब, पट्टी वाचण्यासाठीच असते."

"तुमच्यासाठी असते. त्यांच्यासाठी नाही."

ते ब्लेड घेऊन एकेक पट्टी खरवडू लागले. सीटखाली लाल पट्टी होती. तिच्या जागी त्यांनी हात टेकवून, सावकाश, सुंदर अक्षरात लिहिले: 'जोडू नये, इंजिन थांबणार नाही.' मी जवळ उभा राहून ऱ्हस्वदीर्घ तपासले.

त्या सोमवारी तंत्रज्ञाला सीटवर न बसता इंजिन चालू हवे होते. त्याने बटणाच्या दोन वायरी सोलून एकमेकींना जोडल्या, गळती काढली आणि तो गेला. चाचणी सकाळीच झाली होती. तीन वाजता चाकासमोर पाण्याचा पाइप आला, म्हणून दिनकरराव नेहमीसारखे उठले आणि उतरू लागले. ट्रॅक्टर चालतच राहिला. शेजारचे शेतकरी कार्ल यांना ते मागच्या चाकाच्या खुणेत मृत सापडले. ट्रॅक्टर पुढे कुंपणाला टेकून घरघरत होता. कार्ल मला म्हणाले, "सरी शेवटपर्यंत सरळ आहे. मी मोजली. दुसरं काय करावं, सुचेना."

मी विक्रेत्याच्या आवारात गेलो. तो तंत्रज्ञ चाळिशीचा, माझ्या नजरेला नजर देणारा माणूस होता. "पट्टी दिसली होती, सर," तो म्हणाला. "वाचता आली नाही. वायर जोडली मीच. काढायची राहिली." तेवढ्यात व्यवस्थापक बाहेर आला आणि त्याने तंत्रज्ञाला आत जायला सांगितले. मला म्हणाला, "यापुढे जे काही असेल ते लेखी." मी लेखी दिले. वायरींच्या जोडाचे छायाचित्रही दिले. उत्तर आले: प्रकरण बंद.

मालतीवहिनींना भरपाई नको आहे. अहवालातली ती एक ओळ तेवढी बदलून हवी आहे. "ज्या माणसानं हिंगावर 'धोका' लिहिलं," त्या म्हणाल्या, "त्याच्या नावापुढे 'निष्काळजी' लागणार का, भाऊजी?" पट्ट्या मराठीत का होत्या, हे त्यांनी मला विचारले नाही. मीच सांगितले. त्या उठून आत गेल्या आणि पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

म्हणून हे लिहिले. शेतकऱ्यांच्या ज्या बैठकीत व्यवस्थापकाने तो अहवाल वाचून दाखवला, तिच्या पुढच्या बैठकीत, त्याच लोकांसमोर त्याने एका प्रश्नाचे उत्तर द्यावे: त्या दोन वायरी कोणी जोडल्या? पट्टी वाचता येऊ नये अशी व्यवस्था कोणी केली, याचे उत्तर मी वर माझ्या सहीनिशी दिले आहे, आणि त्या बैठकीतही उभा राहून देईन.

या लेखाची प्रत त्याला नोंदणीकृत टपालाने पाठवली आहे. इंग्रजीत.