एका नारळावर एकच

गाऱ्हाणे घालण्यापूर्वी आबा उजवा हात कानामागे नेत, समोरच्या माणसाकडे किंचित वाकत आणि विचारीत, "काय टोचतंय?" उत्तर सुरू होण्याआधीच पुढचे वाक्य येई, "थोडक्यात सांग हां. देवाला बाकीची गावं पण हायत." एवढे बजावून ते स्वतः जे गाऱ्हाणे घालीत, ते थोडक्यात आटपल्याचे माझ्या स्मरणात नाही.

आपल्यापैकी ज्यांनी ही पद्धत पाहिली नसेल, त्यांच्यासाठी सांगतो. अडचणीतल्या माणसाने देवापुढे नारळ ठेवायचा आणि आपली अडचण सांगायची. गावाच्या वतीने बोलण्याचा मान ज्या घराकडे असेल, त्या घरातील पुरुषाने ती सर्वांसमक्ष, मोठ्याने देवाच्या कानी घालायची. प्रत्येक वाक्य संपले की जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचे. रत्नागिरीहून कोल्हापूरकडे जाताना पालीच्या अलीकडे आमचे गाव लागते. तेथील देवळात हा मान त्यांच्या घराण्याकडे होता. मी तेथला पुजारी; पूजा व अभिषेक मजकडे आहेत.

सोमवारी सकाळी अभिषेक झाला की माझे काम संपे आणि त्यांचे सुरू होई. मी देवाजवळ संस्कृतात मागतो. काय मागितले हे लोकांना कळत नाही, त्यामुळे ते मिळाले नाही असा ठपका मजवर आजवर आलेला नाही. त्यांचे तसे नव्हते. ते सर्वांना समजेल अशा भाषेत मागत, आणि पुढच्या सोमवारी लोक त्यांना जाब विचारीत.

गाव त्यांना आबा म्हणे. थोडी भातशेती, आंब्याची मोजकी कलमे आणि एक प्रचंड आवाज, एवढी त्यांची मालमत्ता. आवाज हमरस्त्यावरील थांब्यापर्यंत पोचे. एसटीची वाट पाहणारी माणसेही तिथूनच "व्हय म्हाराजा" म्हणत, असे सांगतात. मी स्वतः ते ऐकलेले नाही, पण अविश्वास ठेवण्याचेही कारण दिसत नाही.

एकदा मुंबईहून आलेली एक मुलगी नारळ घेऊन उभी राहिली. ती घरूनच संगणकावर नोकरी करीत असे. डोके भणभणते, जेवण जात नाही, झोप येत नाही, ऑफिसचे फार प्रेशर आहे, असे तिने हळू आवाजात सांगितले. आबांनी ते लगेच उंच आवाजात देवाकडे पोचवले.

"बा म्हाराजा, ह्या पोरीचा सायब चक्रम हाय."

"व्हय म्हाराजा."

"आजोबा, साहेब नाही. मॅडम आहेत," मुलगी घाईने म्हणाली.

"बा म्हाराजा, चुकलं. सायबीन चक्रम हाय."

"व्हय म्हाराजा."

"तर त्या सायबिनीला रात्रीची चांगली झोप लागू दे. ती झोपली, म्हणजे ही झोपंल."

मुलगी पदराआड तोंड लपवण्याच्या पिढीची नव्हती. ती उघडपणे हसली. तिची आई मागे उभी होती. "आल्यापासून पहिल्यांदा दात दिसले हिचे," असे ती शेजारणीला म्हणाली, आणि डोळे पुसू लागली.

त्यांचा एक नियम मात्र कडक होता. एका नारळावर एकच. आमच्या गावचे एक बागायतदार दरवेळी मोहोर, ढगाळ हवा, तुडतुडे, मुलाचे ॲडमिशन आणि मेहुण्याशी चाललेला बांधाचा वाद असा सारा संसार घेऊन येत. आबा हात आडवा करीत. "ह्यातलं जास्त कुठलं टोचतंय, ते ठरव. तवर मी पान खातो." बागायतदार खांबाला टेकून विचार करीत उभे राहत. पुष्कळ विचार केल्यावर त्यांना बहुधा असे आढळे की मोहोर ठीक आहे, तुडतुड्यांवर औषध मारलेले आहे, ॲडमिशन अजून लांब आहे, आणि मेहुणा तेवढा शिल्लक राहतो. तेव्हा ते मेहुण्यासाठी नारळ ठेवीत व बऱ्यापैकी हलके होऊन घरी जात.

या नियमामागे काही खोल तत्त्व असावे, असे मला बरीच वर्षे वाटत असे. एकदा मी आदराने विचारलेही. आबा म्हणाले, "तत्त्व कसलं, गुरुजी? चार गोष्टी एकदम सांगितल्या की माझ्या ध्यानात राहत नाय. मागं एकदा एकाची म्हस दुसरीच्या लग्नात घातली मी."

या गाऱ्हाण्यांत गुप्त असे काही राहत नसे. एका विधवेच्या विहिरीचा पंप जळाल्याचे देवाच्या कानी घातले जात असतानाच मागून कोणी म्हणे, "माझ्याकडं जुना पडून हाय, सांच्याला लावून देतो." आबांना असली लुडबूड आवडत नसे. "देवाशी बोलू द्याल की नाय?" असे ते खेकसत. पंप मात्र त्याच संध्याकाळी बसे, आणि कृपा देवाच्या नावावर जमा होई. मीही ती तशीच जमा धरतो.

लोक असे मोकळे होऊन जात. आबांचे काय होई, हे त्यांच्या पत्नीला विचारावे. "देवळातनं येताना सगळ्या गावाचं टेन्शन ह्यांच्या खिशात," वहिनी म्हणत. घरी आले की ते दाराची कडी पुनःपुन्हा ओढून पाहत. रत्नागिरीला जायचे तर एसटीच्या कितीतरी आधी थांब्यावर जाऊन उभे राहत, आणि गाडी वेळेवर आली तरी ती भरलेली असेल या काळजीने आधीच दमलेले असत. त्या मुलीच्या साहेबिणीला झोप लागली की नाही, याचाही त्यांना घोर लागे.

एकदा आमच्या शाळेत मनःस्वास्थ्यावर व्याख्यान झाले. बोलायला शहरातून एक समुपदेशक बाई आल्या होत्या. चिंता मनात घोळवू नये, तिला नाव द्यावे, विश्वासातल्या माणसाजवळ मोठ्याने बोलून दाखवावी, एका वेळी एकच प्रश्न हाती घ्यावा, असे त्या फार सुरेख समजावीत होत्या. पहिल्या रांगेत बसलेले आबा प्रत्येक वाक्याला मान डोलावीत होते आणि गर्वाने मागे वळून पाहत होते. शेवटी ते उठले.

"बाय, लोकांची टोचणी काढली. मग ती ठेवायची कुठं?"

बाई म्हणाल्या, "तुम्हीही कोणाला तरी सांगितली पाहिजे, आजोबा. तुमचीसुद्धा."

बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "पोरगी हुशार हाय. पण मी कुणाला सांगू? सांगणारा तर मीच. आणि बोलणाऱ्यानं आपलं मागायचं नाय, असं बापानं बजावलंय."

त्या वर्षी शिमग्यानंतर त्यांचा आवाज बसला. पालखीपुढे ओरडल्यामुळे असेल, असे सर्वांनी धरले. मी ज्येष्ठमध दिले. वहिनींनी आल्याचा काढा दिला. आवाज सुटेना, गिळताना दुखू लागले, तेव्हा रत्नागिरीच्या डॉक्टरांनी घसा पाहिला आणि कोल्हापूरला जाऊन तुकडा तपासून घ्या, उशीर करू नका, असे स्पष्ट सांगितले. आबा म्हणाले, आंबा उतरला की जातो. आंबा उतरला. मग लावणी आली. लावणीनंतर गणपती आले. आवाज आता देवळाच्या पायरीपर्यंतही पोचेना.

वहिनी मजकडे आल्या. "गुरुजी, तुमचा शब्द मानतात. तुम्ही सांगा."

मी सांगितले. शरीर हे धर्माचे पहिले साधन आहे, येथपासून आरंभ करून मी बराच वेळ बोललो. त्यांनी अत्यंत आदराने सारे ऐकून घेतले, माझ्या गुडघ्याची चौकशी केली, आणि मला परसातली पडवळे दिली.

मग गणपतीनंतरचा एक सोमवार आला. अभिषेक झाला होता. मंडळी रांगेत उभी होती. आबा घोगऱ्या आवाजात एकेकाचे मागणे मागत होते. पुढचा नारळ आला, आणि त्यांनी मान वर न करता सवयीने हात कानामागे नेला.

"काय टोचतंय, बाय?"

"नवऱ्याचा घसा," वहिनी म्हणाल्या.

आबांनी वर पाहिले.

"डॉक्टरनी कोल्हापूरला जायला सांगितलंय. त्यो जात नाय."

"हे घरी बोलू," आबा हळूच म्हणाले.

"घरी बोलून झालं. नारळ ठेवलाय मी."

त्यांनी मजकडे पाहिले. समईची वात मला त्याच वेळी सारखी करावीशी वाटली. दुसऱ्या कोणाकडून सुटका होण्यासारखी नव्हती, आणि देवापुढे ठेवलेला नारळ परत करण्याची रीत नाही.

"बा म्हाराजा," ते म्हणाले. आवाज कापडाच्या चिंधीसारखा फाटत होता. "ही बाय तुझ्या दारात आलीय."

"व्हय म्हाराजा."

"हिच्या नवऱ्याच्या घशात काय तरी हाय. त्याला ठावं हाय. तरी त्यो डॉक्टरकडं जात नाय. कारण त्यो…"

ते अडले. मागून एका म्हातारीने शब्द पुरवला. "घाबरतो."

"घाबरतो, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सारा मंडप म्हणाला. कोणीही हसले नाही.

"त्याला वाटतं, घसा कापला की आवाज जाईल. आवाज गेला, मग ह्या गावात त्याला इचारणार कोण?"

यावर काय म्हणायचे, हे लोकांना सुचेना. वहिनी तेवढ्या म्हणाल्या, "मी इचारीन."

आबांनी नारळावर हात ठेवला. मग म्हणाले, "बा म्हाराजा, तर त्याला जायची बुद्धी दे."

"व्हय म्हाराजा," असा घोष झाला की गाभाऱ्यातली घंटा हलल्याचा मला भास झाला. तेवढ्यात मागून आमचा टेम्पोवाला म्हणाला, "आबा, उद्या सकाळी मी कोल्हापूरला चाललोय. पुढं दोघांची जागा हाय."

"जरा थांब की," आबा वळून खेकसले. "गाऱ्हाणं पुरं व्हायचंय अजून."

आणि त्यांनी ते पुरे केले. कोल्हापूरच्या डॉक्टरांचा हात स्थिर राहो, नर्सबाईंची घरची भांडणे मिटोत, टेम्पोला आंबा घाटात वळणावर समोरून ट्रक न येवो. त्या फाटक्या आवाजात त्यांनी एवढे मागितले की मंडपाबाहेर रांगेत उभ्या मुलांना उन्हाने घेरी येऊ लागली.

तुकडा तपासला. रोग होता. उशीर झाला होता, पण फार झाला नव्हता. स्वरयंत्र काढावे लागले. जीव वाचला.

आता गाऱ्हाणे त्यांचा पुतण्या घालतो. तो मुंबईत राहून आलेला असल्यामुळे मुद्देसूद बोलतो. सोमवारचे काम लवकर आटपते. लोक थोडा वेळ उगाच मंडपात रेंगाळतात, एकमेकांकडे पाहतात आणि घरी जातात.

आबांच्या गळ्यावर आता एक छिद्र आहे आणि आत डॉक्टरांनी बसवलेली लहानशी झडप. छिद्रावर अंगठा दाबला की खरखरीत आवाज उमटतो. बोलायचे म्हणजे एक हात सदैव गळ्याशी.

परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. ते पडवीत बसून दोऱ्या वळत होते. त्यांनी दोरी बाजूला ठेवली, अंगठा गळ्याला लावला.

"झोप मस्त लागते, गुरुजी. कडी पण बघत नाय आता. पण करमत नाय. कुणी काय सांगायलाच येत नाय."

मी काही सांगण्यासाठी गेलो नव्हतो. तरी माझ्या तोंडून निघून गेले, "माझ्या मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले आहे. डॉक्टर म्हणतात, फार सोपे असते. मंत्र तर मला सारे पाठच आहेत. तरी मला भीती वाटते आहे."

त्यांनी मजकडे नीट पाहिले. देवळाच्या दिशेला तोंड केले. मग गळ्यावरचा अंगठा काढला, कारण जोडायला दोन्ही हात हवे होते. आवाज अर्थातच बंद झाला. डोळे मिटले आणि ओठ हलू लागले.

वहिनी चहा घेऊन आल्या, आम्हां दोघांपुढे कप ठेवले आणि दाराशी थांबल्या. चहावर साय धरली. ओठ अजून हलत होते.