कॉलरवरची बोटं

फोटो उघडला की आधी मी त्याची प्रत काढतो. मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो, प्रतीला नवं नाव देतो आणि खोडायचं-रंगवायचं ते वरच्या वेगळ्या लेयरवर. गिऱ्हाईक कुरकुरतं, एवढा वेळ कशाला म्हणतं. कुरकुरू दे. हे शहाणपण मला दुसऱ्याचं नुकसान करून आलंय, आणि ते कुणाला सांगायला मला तोंड नाही.

सरावलीतलं माझं दुकान म्हणजे पासपोर्ट फोटो, झेरॉक्स आणि मोबाइलच्या कार्डात गाणी भरून देणं. कारखान्यातली माणसं शिफ्ट सुटली की एकदम येतात, त्यामुळे मला झटपट कामाची खोड लागली होती. कार्डातला फोटो कॉपी न करता सरळ कट-पेस्ट करायचा, तोच उघडून त्यातच कापाकापी करायची, आणि सेव्हचं बटण दाबत राहायचं. आपला हात किती सफाईने चालतो, याचा मला भारी तोरा होता.

एका दुपारी डोंगराकडच्या पाड्यावरची बाई आली. तिचा नवरा वीटभट्टीवर कामाला गेला असताना तिथेच तापाने वारला होता. कसल्याशा अर्जाला त्याचा फोटो हवा होता. त्याचा मोबाइल बंद पडलेला, म्हणून आतलं कार्ड तेवढं तिने पदराच्या गाठीत बांधून आणलं होतं. कार्डात त्याचा एकच फोटो होता. कडेवर त्याची तान्ही मुलगी, आणि तिने मुठीत धरलेली त्याची कॉलर.

मी तो सवयीने कट-पेस्ट करून कॉम्प्युटरवर घेतला, त्यातूनच चेहरा कापला, मागची भिंत पांढरी केली. कॉलरवर मुलीची बोटं उरली होती. तीही पुसली, आणि इतकी बेमालूम पुसली की स्वतःवरच खूश झालो. आकार छोटा केला, सेव्ह, प्रिंट, प्रोग्रॅम बंद. बाईचं कार्ड रिकामं कशाला द्यायचं, म्हणून पाड्यावर नाचताना वाजतात त्या तारप्याच्या गाण्यांनी ते गच्च भरून दिलं. फुकट. तेवढाच माझा चांगुलपणा.

तीनेक वर्षांनी ती परत आली, मुलीला घेऊन.

"दादा, तो पोरीसंगचा फोटो मोठा करून दे. भिंतीला लावायचा हाय. हिला बापूस आठवत नाय."

मी फाइल उघडली. पांढऱ्यावर एक चेहरा, बस. अनडू करायची सोय तर प्रोग्रॅम बंद केला तेव्हाच संपली होती. तिच्याकडून कार्ड मागून घेतलं, पुसलेल्या फायली शोधणारा प्रोग्रॅम त्यावर चालवला. त्याला गाण्यांखेरीज काही सापडलं नाही. कार्ड रिकामं राहू दिलं असतं तर फोटो कदाचित परत मिळाला असता. मी त्याच्या जागेवर गाणी भरली होती.

"ताई, तो फोटो राहिला नाही. माझ्या हातून गेला."

तिने भांडायला हवं होतं. मला ते सोपं गेलं असतं. तिने जवळचा पासपोर्ट फोटो काढून उजेडात धरला आणि कॉलरवर हळूच नख फिरवलं.

"इथं हिची बोटं व्हती ना?"

"होती. मीच पुसली."

"कशाला?"

अर्जाला तसा फोटो चालत नाही, असं मी म्हणालो. ते खरंही होतं. पण तिच्या डोळ्याला डोळा देऊन बोलणं काही जमलं नाही.

मग निदान चेहरा तरी मोठा करून देतो म्हटलं. तेवढ्याशा फायलीतून मोठा कसला होणार! नाक-डोळ्यांचे नुसते चौकोन झाले. तरी तो कागद मी बाईच्या हातात दिला. मुलीने टाचा उंचावून त्यात पाहिलं आणि आईला विचारलं, "कोन हाय?"