कृपया चहा द्या

बाबांच्या जिभेला हाड नव्हतं. पुढे नागपूरच्या डॉक्टरांनी जीभच काढून टाकली. नोकरीच्या दिवसांपासून गालात धरलेल्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं ती आतून पोखरली होती. आमच्या सौंसरच्या घरात पहिल्यांदा शांतता आली, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

त्यांना लिहिता यायचं. पण कागद पुढे केला की आई म्हणायची, चष्मा सापडत नाही. चष्मा तिच्या पदराच्या टोकाला बांधलेला असायचा. बाबा कागद फाडायचे, ताट आपटायचे. सुंभ जळाला तरी पीळ तसाच होता.

घरात यंत्रांची काही कमी नव्हती. माझा फोन, शाळेच्या कामाचा लॅपटॉप, ज्यावर आई सकाळी हनुमान चालीसा लावायची तो तिचा फोन, आणि बाबांचा बटणांचा. सगळे एकाच बोर्डावर चार्जिंगसाठी भांडायचे. त्यात पुण्याच्या भावानं आपला जुना टॅब पाठवला. टॅबवर मोठाले चौकोन होते, प्रत्येकात एक वाक्य. चौकोनावर बोट ठेवलं की टॅब ते वाक्य मोठ्यानं बोलायचा. वाक्यं भरायचं काम भावानं माझ्यावर सोपवलं. तिथेच तो चुकला.

बाबांनी जन्मभर आईला चहा मागितला तो असा: 'काहून वं, चहा करून राहिली का झोपली?' मी चौकोनात लिहिलं, 'कृपया चहा द्या.' मग 'कृपया पाणी द्या', 'कृपया पंखा लावा'. एकही चौकोन कृपेशिवाय ठेवला नाही. आवाज बाईचा होता, बातम्या देणाऱ्या बाईसारखा स्वच्छ. तो पहिल्यांदा घरात घुमला तेव्हा आई पिठाच्या हातानं बाहेर आली आणि कोण पाहुणी आली म्हणून दाराकडे बघू लागली. मी बाबांकडे बोट दाखवलं. आई खाली बसून पोट धरून हसली, आणि मग ऐकू नाही आलं म्हणून तिनं त्यांना पुन्हा दाबायला लावलं.

'ते कृपया काढ,' असं त्यांनी मला कागदावर लिहून दिलं. यंत्राची पद्धतच तशी आहे, मी सांगितलं. व्हिडिओ कॉलवर त्यांनी तोच कागद भावाला दाखवला. भावाला अक्षर लागलं नाही. तो म्हणाला, बाबा, तुम्ही आता किती छान बोलता.

त्यांचा फोन वाजला की ते जुन्या सवयीनं कानाला लावायचे, आणि मग टॅब त्याच्यासमोर धरायचे. 'कृपया नंतर फोन करा,' बाई सांगायची. कंपनीचा आवाज समजून लोक फोन ठेवून द्यायचे. हळूहळू फोन यायचे बंद झाले. जामसावळीला दर्शनाला आलेले नातेवाईक मात्र वाट वाकडी करून घरी यायचे. त्यांची पोरं टॅबवर सपासप बोटं मारायची आणि मोठी माणसं म्हणायची, आता कसे गोड बोलून राहिले. बाबांचे कान शाबूत होते.

त्यांची सुरुवातीची नळी, जखम, लाळ, सगळं मीच बघायची. त्यामुळे त्यांच्या घशातून जे काही निघायचं ते मला कळू लागलं होतं. आईला कळायचं नाही. तिनं कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही, आणि त्याला कारण होतं.

आईचं माहेर लोधीखेड्याचं, म्हणजे सौंसरहून हाकेवर. माझी आजी तिथे शेवटच्या घटका मोजत होती, आणि बाबांच्या ऑफिसचे साहेब त्याच दिवशी आमच्याकडे जेवायला होते. पंगत उठल्याशिवाय बाबांनी आईला सोडलं नाही. ती पोचली तेव्हा चिता पेटलेली होती. पुढे कधीतरी तिनं विषय काढला, तर ते म्हणाले, म्हातारी का तुझ्यासाठी थांबणार होती? तेव्हापासून आईला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. या माणसानं एकदा म्हणावं, की माझं चुकलं. हे ती मला सांगायची, पोळ्या लाटताना.

एक दिवस तिनं माझ्याकडून टॅबमध्ये तेवढा चौकोन करून मागितला. मी चहाच्या शेजारी तो केला. आईनं बाबांना बजावलं, आधी हा, मग चहा. बाबांनी टॅब उलटा टाकला. आईनं केलेला चहा स्वतःच मोरीत ओतला. दुसऱ्या दिवशीही ओतला. गॅस कसा पेटवतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, कारण स्वयंपाकघरात ते कधी आलेच नव्हते. मी दोघांच्या मध्ये बसून वह्या तपासत होते. खरं सांगायचं तर मला मजा येत होती.

शेवटी एका दुपारी त्यांनी बोट टेकवलं. 'माझं चुकलं,' बाई म्हणाली. स्वच्छ, सुरेख.

आई उभीच होती. मग तिनं चहाचा पेला त्यांच्यापुढे ठेवला.

"मले तुमच्या तोंडून पाहिजे होतं," ती म्हणाली. "ह्या बाईचं घेऊन मी काय करू?"

बाबांनी टॅब बाजूला सारला. हनुवटी हातात धरली आणि तोंड उघडलं. लाळ ओघळली, आणि आतून एक लांब, ओला आवाज आला. ते थांबले आणि तेच पुन्हा म्हणाले.

"काय म्हणून राहिले हे?" आईनं मला विचारलं.

मला सगळं कळलं होतं. म्या तुले लोधीखेड्याले जाऊ द्याले पाहिजे होतं, असं ते म्हणत होते. आईचा चेहरा नुसत्या आवाजानंच सैल पडला होता. मी सांगितलं असतं तर ती रडली असती, आणि सगळं एका दुपारी माफ करून मोकळी झाली असती. इतक्या स्वस्तात मी त्यांना सुटू देणार नव्हते.

"साखर कमी आहे म्हणतात," मी म्हटलं.

आईनं आतून साखर आणली आणि चमचाभर घालून ढवळली. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग ते तो चहा प्यायले.