पुढचं आपोआप लागतं

माझ्या बाबांची दाद मिळवणं म्हणजे सरकारी ऑफिसात एका खेपेत काम होणं. ऐकिवात असतं, अनुभवाला येत नाही.

नाशकात ते बँकेत होते, पण मनापासून नोकरी केली ती श्रोत्याची. गावात कुठेही गाण्याची बैठक असो, बाबा तिसऱ्या रांगेत, मांडी घालून, डोळे मिटून बसलेले. आजूबाजूचे लोक गवयानं नुसता श्वास घेतला तरी 'क्या बात है' करायचे. बाबा ढिम्म. आणि मग एखाद्या अशा जागी, जी बाकी कुणाच्या लक्षातही आलेली नसायची, त्यांचा गुडघ्यावरचा उजवा हात उताणा व्हायचा आणि घशातल्या घशात एक 'वा' उमटायचा. मोठमोठे वाजवणारे त्या एका हाताकडे डोळे लावून बसायचे, हे मी लहानपणी पाहिलंय. त्याच माणसानं मला शाळेत असताना व्हायोलिन आणून दिलं, आणि त्यानंतर माझ्या वादनाला तो हात कधी उताणा झाला नाही.

वाईट वाजवतेस असंही ते म्हणाले नाहीत. वाजवून झालं की 'हं' म्हणायचे आणि पेपर उघडायचे. पोरांचं तोंडावर कौतुक करू नये ही आमच्या घरची रीत, त्यामुळे त्या 'हं'च्या मागे काहीतरी दडलेलं असणार अशी मी माझी समजूत घातली. आईही तेच सांगायची, "त्यांना आवडतं गं, बोलून दाखवत नाहीत इतकंच." हे खरं होतं की माझ्या समाधानासाठी होतं, ते तिला विचारायचं राहून गेलं. आता ती नाही.

मी लीड्सला एका हॉस्पिटलच्या आयटी विभागात काम करते. घराला वरच्या मजल्यावर एक बॉक्स रूम आहे, म्हणजे इंग्रज ज्याला खोली म्हणतात आणि आपण ज्याला कपाट म्हणू. तिथे भिंतींना जुन्या रजया टांगून, खाली बैठक घालून, व्हायोलिनचं टोक घोट्यावर टेकवून मी वाजवते आणि ते नेटवर टाकते. कंपनी नाही, मॅनेजर नाही. वाजवणारी मी, रेकॉर्ड करणारी मी, वर चित्र लावणारी मी आणि बहुतेक वेळा ऐकणारीही मीच. माझ्या पानावर मी 'इंडिपेंडंट म्युझिशियन' असं लिहिलंय. स्वतंत्र म्हणजे काय, तर जिची कुणाला गरज नाही अशी.

मैत्रिणींना लिंक पाठवली की टाळ्यांचे पंजे येतात. गाणं चार मिनिटांचं असतं आणि पंजे अर्ध्या मिनिटात पोचलेले असतात. पहिल्या काही वर्षांत मला याचा राग यायचा. नंतर मी सोडून दिलं. पण टाकणं काही सोडलं नाही. कारण प्रत्येक वेळी वाटायचं, की कधीतरी, कुठल्यातरी जागी, तो हात उताणा होईल. एवढं एकच. बाकी जगानं ऐकलं काय आणि नाही ऐकलं काय.

या उन्हाळ्यात बाबा माझ्याकडे आले. आई गेल्यापासून नाशिकच्या घरात त्यांना करमेना, म्हणून मी व्हिसा काढून त्यांना घेऊन आले. लीड्समध्ये त्यांना काहीच पटलं नाही. चहा पाणचट, कोथिंबिरीला वास नाही, आणि 'ऊन पडलं म्हणून आनंदी होणारी ही कसली माणसं' हा त्यांचा कायमचा प्रश्न. सकाळी ते किचनच्या टेबलाशी बसून भाजी निवडायचे. एका शनिवारी फरसबी निवडता निवडता स्वतःहून म्हणाले, "तुझं ते नेटवर असतं ते लावून दे की. बघू तरी."

मी हातातला कप खाली ठेवला. अख्खा हिवाळा मी एका भूपावर घालवला होता. आत्तापर्यंतचं माझं सगळ्यात चांगलं काम, असं मला वाटत होतं. मी टॅबलेटवर तो लावला, बाबांच्या पुढ्यात ठेवला आणि वर पळाले. तिथे उभं राहून त्यांच्या हाताकडे बघत बसायची माझी छाती नव्हती. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि काहीही कारण नसताना बेसिन घासलं.

नळ बंद करून जिन्यापाशी आले आणि खालून आवाज आला. "वा."

मी जिन्यातच बसले. तो 'वा' मी हजार आवाजांतून ओळखला असता. इतकी वर्षं तो दुसऱ्यांना मिळताना ऐकलाय. मला रडू आलं. आईला सांगायला हवं, असं अगदी खरंखुरं मनात आलं. मग दुसरा 'वा' आला, जरा मोठा, आणि तेव्हा कुठे मी खाली काय वाजतंय ते ऐकलं.

ते माझं नव्हतं. माझा भूप केव्हाच संपला होता. एक संपलं की त्यासारखं वाटणारं पुढचं काहीतरी ते यंत्र आपोआप लावतं. हे मी कशी विसरले? वाजत होतं कुठलं तरी दोन तारांचं, गजानं वाजवायचं वाद्य. पण सूर तेच, भूपाचे पाच, आणि टॅबलेटच्या पत्र्यासारख्या स्पीकरवर ते व्हायोलिनच वाटत होतं. एका स्वरावरून दुसऱ्यावर तो माणूस असा घसरत होता, की खालचा सूर सुटल्याचं दुःख वरच्या सुराला लागून यावं.

मी खाली गेले. बाबांचा हात गुडघ्यावर उताणा पडला होता. डोळे ओले होते. आई गेली तेव्हाही मी ते ओले पाहिले नव्हते.

"आज तुझ्या हातात काहीतरी आलं बघ," ते म्हणाले. "इतकी वर्षं नुसतं बरोबर वाजवत होतीस."

मी तोंड उघडलं. पण त्या चेहऱ्याकडे बघून 'बाबा, हे मी नाही' असं म्हणणं मला जमलं नाही. तुम्हाला जमलं असतं तर तुम्ही थोर. मी म्हटलं, "चहा टाकू?"

नंतर मी त्या वाजवणाऱ्याचं पान शोधलं. चीनमधल्या एका शहरात राहणारा कुणीतरी. मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं की तो कुठल्याही कंपनीचा नाही, घरीच वाजवतो, घरीच रेकॉर्ड करतो, ऐकलंत तर आभारी आहे. फोटोत मागे भिंतीला टांगलेलं जाड पांघरूण दिसत होतं. ऐकणारे माझ्याइतकेच, म्हणजे नसल्यासारखे. शेवटचं काही टाकून बरीच वर्षं झालेली. मला त्याचा मत्सर वाटायला हवा होता आणि वाटलाही, पण त्या पांघरुणाकडे बघून तो फार टिकला नाही. मी त्याला निरोप लिहिला: माझे वडील संगीताचे कडक श्रोते आहेत, तुमचं वादन ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. उत्तर आलं नाही.

बाबांना तेवढ्यात नवं खूळ लागलं. रोज सकाळी 'तुझं ते लाव' म्हणायचे. मी माझं न लावता थेट त्याचंच लावायला लागले. खोटं बोलायला शब्द लागतातच असं नाही. आणि मग एका रविवारी आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्ष काकू जेवायला आल्या. त्या डॉक्टर आहेत, आणि समोरच्याला पेशंट समजूनच बोलतात.

"अगं, कोजागिरीला आपला एक स्लॉट रिकामा आहे," त्या म्हणाल्या. "तबलावाल्यानं लास्ट मिनिटला ड्रॉप केलं. दहा मिनिटं तू वाजवशील का? काहीतरी लाइट, प्लीज. मुलं बोअर होतात."

मी नाही म्हणायच्या आत बाबा म्हणाले, "वाजवेल की. तिचा तो नवा भूप ऐका तुम्ही." हे त्यांनी माझ्या तोंडावर, परक्या माणसासमोर म्हटलं. आमच्या घरची रीत त्यांनी माझ्यासाठी मोडली आणि तीही त्या चिनी माणसाच्या जिवावर.

मग काय करता? बसले. बॉक्स रूममध्ये कानाला हेडफोन लावून त्याची एकेक जागा उचलायला लागले. सूर सापडत होते. सूर काय, पाचच तर होते. पण त्याचा तो घसरणारा गज माझ्या हातात येईना. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! पाठ मात्र केलं, झोपेतही वाजवता येईल इतकं.

कोजागिरीला आमचं मंडळ चर्चचा हॉल भाड्यानं घेतं. चंद्राचा प्रश्नच नव्हता, लीड्सवर नेहमीसारखी ढगांची गोधडी होती. काकूंनी मसाला दुधाचं तोटीचं मोठं स्टीलचं पिंप मांडलं होतं, मुलं त्याच्याभोवती पळत होती. बाबा कुणाचं न ऐकता खुर्चीवरून उठले आणि तिसऱ्या रांगेपुढे जमिनीवर मांडी घालून बसले. मी बैठक मारली, डोळे मिटले आणि परक्या माणसाचं दुःख वाजवायला सुरुवात केली.

एक सूर चुकला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकू म्हणाल्या, "सो पीसफुल!" मी डोळे उघडले ते थेट बाबांच्या गुडघ्याकडे. हात पालथा होता.

"हं," ते म्हणाले.

आम्ही गाडीत येऊन बसलो. व्हायोलिन मागच्या सीटवर होतं. काचेवर बारीक पाऊस सुरू झाला होता आणि मी किल्ली हातात धरून नुसती बसले होते. मग बाबाच म्हणाले, "त्या दिवशी होतं ते आज नव्हतं गं. काय झालं?"

आणि मी सांगून टाकलं. ते माझं नव्हतंच, बाबा. एक संपलं की पुढचं आपोआप लागतं. चीनमध्ये कुणीतरी आहे, त्याचं आहे ते.

ते रागावतील असं मला वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मान हलवली, एखादा अवघड राग ओळखता आल्यावर हलवायचे तशी. त्यांना हायसं वाटलं होतं. आपला कान चुकला नाही याचं.

"तरीच," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "त्याला कळव. वा म्हणावं."

"कळवलंय."

"मग?"

"काही उत्तर नाही. तो वाजवायचा थांबलाय बहुतेक."

"अरेरे." हे त्यांनी मनापासून म्हटलं. इतक्या मनापासून, की त्या क्षणी मला कळलं, मी थांबले तर हा शब्द येणार नाही.

तरीही मी विचारलं. विचारायला नको होतं, पण माणसाची आशा फार निर्लज्ज असते. "माझा भूप त्याच्या आधीचा होता, बाबा. तो कसा वाटला?"

बाबा आठवू लागले. टोमणा मारायचा त्यांचा स्वभाव नाही. त्यांनी खरोखर डोळे मिटले, कपाळाला आठी घातली आणि ते किचन, ते टेबल, ती सकाळ सगळं डोळ्यांपुढे आणून पाहिलं. मी वाट बघत राहिले.

"फरसबी निवडत होतो, एवढं आठवतंय," ते म्हणाले. "त्याच्या आधी काही लागलं होतं का गं?"