मिन्जीची खूण

साताऱ्याची स्वरदा जगदाळे परदेशात नव्यानं निघालेल्या बायकांच्या बेसबॉल लीगमध्ये पगारावर खेळायची. ती पिचर होती, म्हणजे चेंडू फेकणारी. दोन हंगामांत लीग गुंडाळली गेली, तिचा खांदाही दुखावला, आणि खेळाडूंच्या कोट्यातून मिळालेल्या रेल्वेच्या नोकरीवर ती लखनौला आली.

मानक नगरच्या ऑफिसात सगळे तिला "क्रिकेटवाली मॅडम" म्हणत. वर्षभर तिनं फरक समजावून सांगितला, मग नाद सोडला. क्वार्टरमध्ये ती एकटीच राहायची. सुट्टीच्या दिवशी बोलणं व्हायचं ते फक्त सब्जीवाल्या भैयाशी.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी मिन्जीचा व्हिडिओ कॉल आला. मिन्जी तिची कोरियन कॅचर. स्वरदानं टाकलेला प्रत्येक चेंडू तीच झेलायची. चार वर्षांनी दोघी एकमेकींना बघत होत्या, पण इंग्रजी दोघींचंही बेताचंच. "हाऊ आर यू", "फाइन" झालं आणि शब्द संपले.

मग मिन्जी फोनसमोर उकिडवी बसली आणि तिनं दोन बोटं खाली धरली. वळणारा चेंडू टाक, अशी ती खूण होती. स्वरदानं मान हलवून नकार दिला. मिन्जीनं एकच बोट दाखवलं, म्हणजे सरळ आणि वेगात. स्वरदा उठली आणि तिनं रिकाम्या हातानं जोरात फेक केली.

"स्ट्राइक!" मिन्जी ओरडली, म्हणजे फेक अचूक होती.

संध्याकाळी खांदा ठणकू लागला. आपला आपणच खांद्यामागे बर्फ लावणं अवघड जातं. तरी ती लावत बसली. किती वर्षांनी खांदा खेळून दुखत होता.