एरर पहिल्या ओळीपासून वाचणारे भाऊ

तळेगावपासून लोणावळ्यापर्यंत कॉम्प्युटरवर पोट भरणारी जेवढी माणसं आहेत, त्या सगळ्यांत एरर पूर्ण वाचणारा माणूस एकच होता, आणि त्यालाच आम्ही घालवला. आम्ही म्हणजे आमचा तळेगावचा कारखाना, पुण्याहून गाडीतून उतरणारे त्याचे साहेब, आणि मी. स्वतःला शेवटी घातलं ते लाजेखातर. खरं तर पहिला नंबर माझाच लागतो.

ते माझे वरिष्ठ. राहायला इंदुरीला, घरची थोडी शेती, आणि कारखान्यात जुनं युनिक्स मशीन सांभाळायचं काम. सगळे त्यांना भाऊ म्हणत. त्या मशीनवर कुठलंही नवं मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रॅमला जोडायचा तयार तुकडा, बसवायला घेतलं की पडद्यावर दोनशे ओळींच्या एरर धबाधबा कोसळायच्या. माझ्यासारखी शिकलेली माणसं त्यातली शेवटची ओळ उचलतात, इंटरनेटवर टाकतात आणि कुणी परका सांगेल ते मुकाट्याने करतात. भाऊ आधी सगळं छापून घेत. मग तो कागदाचा लांबलचक पट्टा घेऊन जेवायला बसत, एका हातात भाकरी, दुसऱ्या हाताचं बोट पहिल्या ओळीवर. "खालच्या एरर पाव्हण्या असत्यात," म्हणत, "घरचं दुखणं वर असतं." पट्ट्यावर पिठल्याचे डाग पडत, पण मॉड्यूल बसे. कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला कळेल असा बांधून देणारा, चालू असला की भाऊ जागचे हलत नसत. चहाला बोलावलं तर "दूध ठेवलंय गॅसवर" एवढंच उत्तर. एकदा आगीचा सराव होता. सायरन वाजला, अख्खा कारखाना मैदानात उभा आणि भाऊ आत. सुरक्षा अधिकाऱ्यानं झापझाप झापलं, तर शांतपणे म्हणाले, "खरी आग असती तर उठलो असतो की."

त्यांचा एक हट्ट मात्र डोकं उठवणारा होता. मूळ वस्तू ज्या कंपायलरनं बांधली, तिच्यावरची भरही त्यानंच बांधायची. आमचे प्रोग्रॅम ज्या पर्ल भाषेत होते, ती मशीन बनवणाऱ्या कंपनीनं आपल्या विकतच्या कंपायलरनं बांधून पाठवली होती आणि आमच्याकडे होता फुकटातला, त्यामुळे दर मॉड्यूलला भांडण ठरलेलं. हा नियम ते जगाला लावत. लोणावळ्याला माझ्या घराची मागची खोली गळते म्हणून मी त्यांना मुद्दाम बघायला नेलं. छपराकडं मान वर करूनही पाहिलं नाही. "ही खोली मूळच्याच गवंड्यानं बांधली का?" मी नाही म्हणालो. "मग गळणारच," म्हणाले, बायकोनं केलेले पोहे खाल्ले आणि निघून गेले. मला भयंकर राग आला. पुढं दोन मिस्त्री येऊन जुन्या-नव्या भिंतीच्या जोडावरच बोट ठेवून गेले, तेव्हा तो आणखी वाढला.

मग कारखान्यात नवा वजनकाटा आला. त्याचं मॉड्यूल बसवायचं होतं आणि भाऊ एका लग्नासाठी सुदुंबऱ्याला गेले होते. "मी येस्तवर हात लावू नको," असं बजावून गेले होते. पण मला साहेबांसमोर चमकायचं होतं. पहिलीच एरर होती, सीसी नावाचा, म्हणजे तो विकतचा, कंपायलर सापडत नाही. मी आमच्या फुकटातल्या कंपायलरलाच सीसी नाव चिकटवलं, त्याला न कळणारे पर्याय फायलीतून खोडून टाकले, आणि मॉड्यूल बसलं. स्वतःची पाठ थोपटून घरी गेलो. जाता जाता त्यानं जुनी चालती दोन मॉड्यूलंही बदलून टाकली होती. तसं पडद्यावर लिहिलेलं होतं, मी वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटपास छापणारा प्रोग्रॅम बंद पडला आणि ट्रकांची रांग हायवेपर्यंत गेली.

साहेब आले तेव्हा भाऊ लग्नाच्याच कपड्यांत, कागद मांडीवर घेऊन वाचत बसले होते.

"किती वेळ लागेल?"

"वाचून सांगतो."

साहेबांच्या कपाळाची शीर उठली. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. हे मी केलंय, एवढंच बोलायचं होतं. मी बाटली उघडली आणि पाणी प्यायलो. भाऊंनी सगळी पर्ल भाषाच आमच्या कंपायलरनं पहिल्यापासून वेगळ्या जागी बांधली, मग तिच्यावर एकेक मॉड्यूल, आणि दोन दिवसांनी गेट सुरू झालं. काट्याचं तेवढं राहिलं. महिनाअखेरीला त्यांचा करार वाढवला नाही. पत्रात कारण होतं, कामात दिरंगाई. त्यांची खुर्ची मला दिली, आणि मी बसलो.

गेल्या महिन्यात एकदाचा इंदुरीला गेलो. अंगणात कांदा निवडत होते. "ये, बस," म्हणाले. मी चपला काढायच्या आधीच सगळं घडाघडा सांगून टाकलं. त्यांचे हात थांबले नाहीत.

"म्हाईत हाय मला. फायलीवर तुझं नाव व्हतं, येळ व्हती."

"मग साहेबांना सांगितलं का नाहीत?"

"त्यांनी कुटं इचारलं, कशानं झालं? किती येळ लागंल, येवढंच इचारलं." एक सडका कांदा त्यांनी बाजूला टाकला. "मला वाटलं, तू बोलशील."

चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. वहिनींनी चहा आणला, तो मी खाली मान घालून प्यायलो. निघताना भाऊ फाटकापर्यंत आले आणि जरा संकोचून म्हणाले, "त्ये काट्याचं मॉड्यूल बसलं का रं मग?"

"बसलं. पहिल्या झटक्यात."

"बसणारच. पायापासनं बांधलं व्हतं म्या." त्यांचा चेहरा असा खुलला, की कारखान्यात इतक्या वर्षांत मी तसा पाहिला नव्हता.

मॉड्यूल बसलं होतं हे खरं, पण ते जुनं मशीनच दिवाळीत भंगाराच्या टेंपोत गेलं होतं. तेवढं मी सांगितलं नाही.